पेटीची किल्ली

आमच्या घरातून सलग सतरा वर्षं कुणी ना कुणी त्या एकाच शाळेत जात होतं. दादा १९८१ साली पहिलीत बसला आणि धाकटीनं १९९८ साली सातवीची परीक्षा देऊन शाळा सोडली. दादा, ताई, मी, मधला आणि धाकटी. आमच्यात सख्खं कोण, चुलत कोण हे शाळेच्या फॉर्मवर वडलांचं नाव लिहायची वेळ आली की तेवढ्यापुरतं आठवायचं. एरवी चूल एक, ओसरी एक आणि ओसरीच्या खुंट्यांवर ओळीनं लटकणारी पाच दप्तरं, खताच्या गोणीची, काकूनं हातानं शिवलेली.

वारजे तेव्हा गाव होतं. पुण्याहून येताना कोथरूड मागं पडलं की हिंगणे, आणि मग आम्ही. पीएमटीची बस माळवाडीला यायची, ती चुकली की पायपीट. गावाच्या अंगाला मुठा नदी. खडकवासल्यातून पाणी सोडल्याचं कळलं की आजी हातातलं काम टाकून नदीकडं बघून यायची, कारण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाचा लोंढा तिनं पाहिला होता. आता त्या शेतांवर सोसायट्या आहेत, मुंबई-बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता मधून गेला आहे. १९९७ मध्ये गाव महापालिकेत गेलं आणि पुढे शाळेची पाटीही बदलली. पेटी मात्र त्याआधीची.

पेटीकडे येण्याआधी गुरुजींबद्दल सांगायला हवं. दादाच्या वेळी पालकसभा वगैरे काही नव्हतं. शाळेनं घराला बोलवायची पद्धतच नव्हती, शाळाच घरी यायची. मे महिना सरता सरता गुरुजी पट नोंदवायला दारोदार फिरायचे. सहा वर्षांचं पोर दिसलं की ‘हात डोक्यावरून घेऊन कानाला लाव बघू’ म्हणायचे. ज्वारीची काढणी सुरू झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा आणि गुरुजी सायकल बांधाला टेकवून थेट शेतात उभे राहायचे. शिरगणतीचे कागद घेऊन तेच, मतदार यादी घेऊन तेच. १९९१ च्या जनगणनेला ते आमच्या ओसरीवर तासभर बसले होते. आजीचा ‘साक्षर की निरक्षर’ हा रकाना आला तेव्हा त्यांनी विचारलंच नाही, खाली मान घालून लिहून टाकलं. आजीच्या ते लक्षात आलं. ‘लिव्हा की गुर्जी, खरं तेच लिव्हा,’ एवढंच म्हणाली आणि चहा आणायला आत गेली.

म्हणजे गुरुजींना आमचं सगळं घर माहीत होतं. आमच्या घराला शाळा मात्र माहीत नव्हती. बाबांनी शाळेचा उंबरा वर्षातून दोनदा ओलांडला असेल, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. आई तर तेवढंही नाही. प्रगतिपुस्तकावर ‘पालकांची सही’ म्हणून रकाना असायचा, तिथं बाबा सही करायचे, ते कामावर असले तर काका. आई सातवी शिकलेली होती, तिचं अक्षर बाबांपेक्षा चांगलं होतं, पण त्या रकान्यात आईची सही मी कधी पाहिली नाही. शाळा ही पुरुषांनी सही करायची गोष्ट आहे असं तिनं धरलेलं होतं, आणि आम्हीही.

आजी याला अपवाद होती. तिचं माहेर हिंगण्याचं. अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम तिथला, आणि म्हातारे अण्णा रस्त्यानं चालत जाताना तिनं लहानपणी पाहिले होते. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, अण्णांनी ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथं प्राथमिक शाळा काढायच्या म्हणून महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. आजीला मंडळाचं नाव सांगता येत नसे. ‘एवढा मोठा माणूस पोरांच्या शाळंसाठी लोकांपुढं हात पसरतो, मग आपल्याला कसली लाज?’ हे मात्र ती पक्कं सांगायची. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत वसतिगृहाच्या मुलांसाठी घराघरातून मूठ मूठ धान्य जमायचं, त्या मुष्टिफंडाची गोष्टही आम्ही तिच्याकडूनच ऐकली. शाळेला द्यायला आपल्याकडे काय आहे, असं आजीनं कधी विचारलं नाही. माठात पाणी नाही कळलं की हंडा घेऊन निघायची.

तिच्यामुळंच असेल, स्नेहसंमेलनाच्या वेळी आमचं घर आपोआप शाळेचं व्हायचं. रंगमंच म्हणजे शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली. काका वायरमन, त्यामुळे माइक आणि दिव्यांची माळ त्यांच्याकडे. काकूच्या नऊवारीतून दरवर्षी एक जिजाऊ निघायची आणि त्याच लुगड्याच्या पदराखाली पुढच्या वर्षी दोन कोळणी. पण संमेलन संपलं, ट्रॉली गेली, की घर पुन्हा घरी. सोमवारपासून शाळा पुन्हा गुरुजींची.

आता पेटी. केंद्र सरकारनं १९८७ साली खडू-फळा मोहीम सुरू केली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य मिळावं, असा तिचा उद्देश. आमच्या शाळेत खोली नंतर आली, पेट्या आधी आल्या. टेम्पोतून उतरवताना आम्ही सगळे भोवती. विज्ञानाची पेटी, गणिताची पेटी, पृथ्वीचा गोल, गुंडाळलेले नकाशे, आणि ज्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं ती ढोलकी. गुरुजींनी यादी ताडून पाहिली, सही केली आणि सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली जानव्याला.

ते कपाट तीन वर्षं उघडलं नाही. आम्ही फळ्यावर काढलेलं भिंग पाहून भिंग शिकलो आणि फळ्यावर काढलेला चुंबक पाहून चुंबक. पृथ्वीचा गोल कपाटाच्या काचेतून दिसायचा, त्याची आमच्याकडची बाजू म्हणजे सगळा समुद्र. मधल्याला कितीतरी दिवस वाटायचं की पृथ्वीवर जमीन नाहीच.

१९९१ च्या जूनमध्ये धाकटी पहिलीत गेली, मी सातवीत, आणि त्याच वर्षी शाळेत नव्या बाई आल्या. डी.एड. होऊन नुकत्याच लागलेल्या, शहरातून बसनं येणाऱ्या. त्यांच्या पिशवीत ‘पालकनीती’ मासिकाचा अंक असायचा. पुण्यात संजीवनी कुलकर्णी यांनी १९८७ पासून चालवलेलं हे मासिक आमच्या गावात तरी दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाईंनी आल्या आल्या ठरवलं, पोरांच्या आयांना शाळेत आणायचं. पहिल्यांदा चिठ्ठ्या पाठवल्या. सभेला चार बाप्ये आले आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारून गेले. दुसऱ्यांदा बाई स्वतः घरोघर गेल्या. आया ‘येऊ की’ म्हणाल्या आणि आल्या नाहीत.

मग संक्रांत आली. बायका घराबाहेर पडतात ते हळदीकुंकवाला, हे बाईंना ठाऊक होतं. पण हळदीकुंकू म्हटलं असतं तर आमची आजी आली नसती, आत्या आली नसती. दोघींनाही कुंकू नव्हतं. बाईंनी पत्रिकेवर लिहिलं, ‘शाळेत तिळगूळ’. एवढा एक शब्द बदलला, आणि गावातल्या ज्या बायका सणासुदीला मागच्या दारात उभ्या असायच्या त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या. इतक्या वर्षांनीही मला बाईंची ती हुशारी मोठी वाटते. सभेला कोण येऊ शकतं हे बोलावण्याच्या शब्दातच ठरतं.

आम्ही सातवीची मुलं सतरंज्या टाकायला होतो, म्हणून मला ते सगळं पाहायला मिळालं. पन्नासेक बायका. तिळगूळ वाटून झाला. बाईंनी विचारलं, ‘शाळेबद्दल कुणाला काही विचारायचंय का?’ सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्या. आणि माझी आई, जी चारचौघांत जेवायला वाढतानाही बोलत नसे, ती बसल्या जागेवरून म्हणाली, ‘त्या कपाटात काय आहे?’

गुरुजी दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, ‘सरकारी साहित्य आहे, वहिनी.’

‘पोरांसाठीच आलंय ना?’

‘हो.’

‘मग कुलूप का?’

मला वाटलं, आता गुरुजी रागावणार. ते आत आले, खुर्चीवर बसले आणि जे बोलले ते मी कधीच विसरलो नाही. आधीच्या गावच्या शाळेत भिंतीवरचं घड्याळ चोरीला गेलं होतं. नोंदवहीत वस्तू त्यांच्या नावावर होती. पैसे त्यांच्या पगारातून कापले. ‘भिंग फुटलं तर भिंगाचे, ढोलकी फाटली तर ढोलकीचे. तपासणीला साहेब येतात तेव्हा यादीतली वस्तू जागेवर पाहिजे. मी एकटा माणूस, वहिनी. पोरं शंभर.’

खोलीत कुणी बोलेना. तीन वर्षं आम्ही त्यांना मनातल्या मनात कंजूष म्हणत होतो. त्या माणसाला भीती वाटत होती, आणि ती सांगायला त्याला कुणीच नव्हतं.

तोडगा आजीनं काढला. ‘फुटलं तर आमी भरू. लिव्हा तसं.’ बाईंनी वही काढली आणि इतिवृत्तात ठराव लिहिला, की कपाटातलं साहित्य रोज वापरायला द्यावं, मोडतोड झाल्यास पालकांनी वर्गणी काढून भरून द्यावी, गुरुजींवर जबाबदारी येऊ देऊ नये. कायद्यानं त्या ठरावाला किती किंमत होती देव जाणे. खाली सह्या आणि अंगठे. आजीचा अंगठा आणि त्याच्या शेजारी आईची सही. शाळेच्या कागदावर आईचं नाव मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. किल्ली त्या दिवसापासून खिडकीजवळच्या खिळ्याला लटकू लागली.

मी त्या वर्षी चार महिनेच ते साहित्य वापरलं. धाकटीनं सहा वर्षं वापरलं. भिंग फुटलं, दोनदा. पहिल्यांदा वर्गणी निघाली, दुसऱ्यांदा काकांनी शहरातून आणून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. ढोलकी शेवटपर्यंत टिकली. धाकटी पुढं शिक्षिका झाली त्याचं श्रेय ती स्वतः कुणाला देते मला माहीत नाही, मी त्या खिळ्याला देतो.

आज आमची पाचही घरं वारज्यातच आहेत, गावठाणात, माळवाडीत, महामार्गापलीकडच्या सोसायट्यांत. आणि आम्ही सगळे शाळेच्या सभेला जाणारे झालो आहोत. आमच्या आयांना तिळगुळाचं निमित्त लागलं, आम्हाला कायद्यानंच खुर्ची दिली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात. सरकारी आणि महापालिकेच्या शाळांत शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा असतो. खासगी शाळांसाठी २०११ चा फी कायदा आहे. त्यात प्रत्येक पालक पालक-शिक्षक संघाचा सदस्य, आणि इच्छुक पालकांतून कार्यकारी समितीची नावं चिठ्ठ्या टाकून काढायची. शाळेला फी वाढवायची तर प्रस्ताव आधी या समितीपुढे ठेवावा लागतो.

ताईचं नाव असंच चिठ्ठीत निघालं. घाबरून मला फोन केला, ‘मला हिशेबातलं काय कळतं?’ ती गेली पंचवीस वर्षं महिला बचत गटाचं पुस्तक लिहिते. मी तिला तेवढंच आठवून दिलं. पहिल्या सभेला जाताना तिनं कॅल्क्युलेटर नेला आणि आधीच्या वर्षीचा खर्च ओळीनं विचारला. मुख्याध्यापकांनी शांतपणे एकेक ओळ समजावली. एका पालकानं नीट वाचलं तर बाकीच्यांच्या अर्ध्या शंका तिथंच मिटतात, असं तेच नंतर म्हणाले.

दादानं काकांचा धंदा न घेता प्लंबिंग धरलं. नातीच्या महापालिका शाळेच्या सभेला सून पाठवते, तिला कामावरून सुटी मिळत नाही. एका सभेत विषय निघाला की मोठ्या मुली दुपारी घरी निघून जातात. चर्चा शिस्तीवर चालली होती. दादा उठला आणि मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेला, अर्थात एका बाईंना बरोबर घेऊन. नळाला पाणीच नव्हतं. टाकीतून येणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह गंजून बसला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तो बदलला आणि समितीच्या वहीत लिहायला लावलं, ‘दर महिन्याला व्हॉल्व्ह पाहणे’. प्रत्येक पालकाकडे असा एखादा व्हॉल्व्ह असतो असं मला मनापासून वाटतं. कुणाला शिवण येतं, कुणाला अर्ज लिहिता येतो, कुणाला झाडं ओळखता येतात. ‘मला काय कळतं?’ म्हणून घरी बसणाऱ्या माणसाला नेमकं काय कळतं, हे शाळेनं विचारायला हवं आणि त्यानं सांगायला हवं.

धाकटी महापालिकेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे दुसरी बाजू आम्हाला घरातच कळते. सुरुवातीची काही वर्षं तिच्या वर्गाच्या सभेला तीन-चार आया यायच्या. शिक्षकांच्या खोलीत बोललं जायचं, यांना पोरांचं काही पडलेलं नाही. ती म्हणाली, माझ्या आईबद्दलही असंच बोलले असतील. मग ती एकेका घरी गेली, गुरुजी जायचे तशी. कळलं ते असं, की सभा असायची सकाळी ११ ला. वर्गातल्या निम्म्या आया धुण्याभांड्याला जातात, त्यांची सकाळची कामं एकपर्यंत संपत नाहीत, पाचला पुन्हा सुरू. मोकळा वेळ दुपारी दोन ते चार. तिनं मुख्याध्यापिकांना पटवून सभा अडीचला घेतली. त्या महिन्यात बावीस आया आल्या. सगळ्या शाळांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की सभेची वेळ आधी पालकांना विचारा. आणि व्हॉट्सअॅपच्या गटावर फक्त सूचना टाकू नका. तिथं अंगठा उमटतो, पण आजीच्या अंगठ्यासारखा नाही.

करोनानं शाळा बंद पडल्या तेव्हा जी मुलं अंगणवाडीतसुद्धा बसली नव्हती, ती २०२२ च्या जूनमध्ये थेट पहिलीत आली. त्यांच्यासाठी राज्यभर ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झालं. शाळेत मेळावे भरले आणि गल्लीगल्लीतल्या आयांचे माता गट केले. भाज्या निवडताना मोजायला लावणं, कपड्यांच्या घड्या लहान-मोठ्या लावणं, असे घरातलेच खेळ त्यात होते. धाकटीच्या माता गटातल्या काही आया अजूनही दर शनिवारी एकीच्या दारात जमतात. त्यांतल्या दोघींना वाचता येत नाही. मुलं त्यांना वाचून दाखवतात.

त्याच आयांच्या जोरावर तिनं वर्ग पहिल्यांदा वनात नेला. वारज्याचं नागरी वन आमच्या डोळ्यांदेखत झालं. सुमारे १६ हेक्टर ओसाड वनजमीन, तिथं २०१५ पासून वन विभाग, संस्था आणि लोकांनी मिळून झाडं लावली, तळी केली. ५ जून २०२० ला केंद्र सरकारनं देशात २०० नागरी वनांची योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून वारज्याचंच नाव घेतलं. पण शाळेपासून वन जवळ असूनही चाळीस मुलं वाहत्या रस्त्यानं एकट्या शिक्षिकेनं न्यायची कशी? काही झालं तर जबाबदार कोण? मला गुरुजींचं वाक्य आठवलं, मी एकटा माणूस, पोरं शंभर. धाकटीनं सभेत सरळ सांगितलं की मला भीती वाटते. आठ आया म्हणाल्या, आम्ही येतो. पाच मुलांमागं एक आई. त्यांतली एक मुळशीकडची. तिला करंज, पळस, बहावा सगळी झाडं येत होती आणि धाकटीला निम्मीसुद्धा नाही. त्या दिवशी वर्ग तिनंच घेतला, आणि धाकटी मुलांमध्ये बसून वहीत नावं लिहून घेत होती.

आई आता सत्तरीच्या पुढं आहे. परवा धाकटी आली होती, बोलता बोलता म्हणाली, शाळेला मोठा टीव्ही मिळालाय, शिकवायला. आईनं विचारलं, मुलं काय काय बघतात? धाकटी थोडी गप्प झाली. म्हणाली, अजून सुरू केला नाही, काकू. कपाटात ठेवलाय. चोरीची भीती वाटते, आणि नोंद मुख्याध्यापिकांच्या नावावर आहे.

आईनं हातातली वात वळायची थांबवली. म्हणाली, ‘किल्ली कुणाकडं असते?’

पुढच्या आठवड्यात धाकटीनं मला सभेच्या सूचनेचा फोटो पाठवला. वेळ दुपारी अडीच. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, पावसाळ्याआधी छताची पाहणी, पोषण आहाराची चव घेण्यासाठी पालकांच्या पाळ्या, आणि चौथा विषय तिच्या हातचा, पेनानं वाढवलेला : टीव्हीच्या कपाटाची किल्ली.